गाडी ‘लोअर’ करण्यापूर्वी: स्प्रिंग बदलण्याची पद्धत आणि तिच्या मर्यादा

मोटारीच्या मूळ स्प्रिंगांच्या जागी आखूड व अधिक ताठ स्प्रिंगा बसवून तिची उंची कमी करणे, यालाच तरुण वर्गात गाडी ‘लोअर’ करणे म्हणतात. गुरुत्वमध्य खाली आल्यामुळे वळणावर गाडी कमी कलते, हा त्यातील खरा लाभ. मात्र उंची कमी झाली की चाकाला वर-खाली होण्यासाठी मिळणारी जागाही घटते. ती भरून काढण्यासाठीच नवी स्प्रिंग ताठ असावी लागते.

वेटोळे कापणे घातक

खर्च वाचवण्यासाठी मूळ स्प्रिंगचेच एखादे वेटोळे कापण्याचा प्रकार सर्रास आढळतो. स्प्रिंगचा ताठरपणा वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा सक्रिय वेटोळ्यांतील एक कापले, तर तो २० टक्क्यांनी वाढतो. पण ही वाढ हिशेबाने ठरवलेली नसते. शिवाय कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबकळले की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते.

दाबलेल्या स्प्रिंगची ताकद

घरी हे काम करताना सर्वांत मोठा धोका दाबलेल्या स्प्रिंगचा असतो. एक मिलिमीटर दबण्यास दोन किलो भार लागणारी स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली, तर ती ३०० किलो भाराने उलट ढकलते. तिच्यात साठलेली ऊर्जा साडेबावीस किलोचे ओझे एक मीटरवरून कोसळावे इतकी असते. म्हणूनच गाडीवर बसवलेल्या स्ट्रटच्या माथ्यावरील मधला नट आधी कधीही सैल करू नये. प्रथम बाजूचे नट काढून स्ट्रट बाहेर घ्यावा. मग समोरासमोर लावलेल्या दोन कॉम्प्रेसरांनी स्प्रिंग आळीपाळीने, समप्रमाणात दाबावी. तिचा दाब बैठकीवरून पूर्ण सुटल्यावरच मधला नट काढावा. कॉम्प्रेसर नसेल, तर हे काम गॅरेजवरच सोपवावे.

कामाचा क्रम

सुरतमधील पांडेसऱ्याची गल्ली असो वा गोव्यातील घराचे अंगण, जागा सपाट व टणक हवी. ओल्या मातीत जॅक रुततो. जमिनीवरच राहणाऱ्या चाकांना अडण लावावी, काढायच्या चाकांचे नट गाडी उचलण्याआधी किंचित सैल करावेत आणि उचललेली गाडी जॅकस्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.

ब्रेकची नळी व एबीएसची तार स्ट्रटपासून सोडवावी. खालच्या बोल्टांची मूळ स्थिती खुणेने नोंदवावी. नव्या स्प्रिंगचे टोक बैठकीतील खाचेत टेकले आहे, याची खात्री करून मगच कॉम्प्रेसर सैल करावा. अनेक छोट्या गाड्यांत मागची स्प्रिंग शॉक अ‍ॅब्सॉर्बरपासून वेगळी असते. तेथे शॉकचा खालचा बोल्ट काढून, जॅकने आधार दिलेला धुरा हळूहळू खाली घेतला की ती सुटते. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच, निर्मात्याने दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने आवळावेत. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट आणि दिव्यांचा रोख तपासणे अपरिहार्य आहे.

भरलेली गाडी आणि गतिरोधक

पांडेसरा भागात कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांभोवती खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे वसली आहेत. लग्नसराईत धुळे-नंदुरबारकडे निघालेली त्यांची गाडी माणसे व सामानाने भरलेली असते. गोव्यात चतुर्थीला मूळ घरी निघालेल्या गाडीची स्थितीही तीच. रिकामी असताना जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच असलेली गाडी ४० मिलिमीटरने खाली आणली आणि भाराने आणखी ४० मिलिमीटर दबली, तर खाली उरतात फक्त ९० मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गतिरोधकाची उंची १०० मिलिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर ठरवली होती. प्रत्यक्षात अनेक गतिरोधक त्याहून अरुंद व उभट आढळतात. अशा गाडीचे पोट तेथे घासणार, हे उघड आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे खरेदीपूर्वीच वाहतूक खात्याकडे लेखी विचारणा करावी व विमा कंपनीलाही कळवावे. काढलेल्या मूळ स्प्रिंगा मात्र भंगारात देऊ नयेत. गाडी पूर्ववत करायची वेळ आली, तर त्याच उपयोगी पडतात.