ढगांच्या चित्राआड
सुरू होताना अडकलेला संगणक पूर्वी आपलं दुखणं स्वतःच सांगे. १९८१ च्या आयबीएम पीसीवर सगळं ठीक असलं की एक छोटा बीप. कीबोर्डची तक्रार असली की पडद्यावर ३०१. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये एफ८ दाबून कॉन्फिग फाइलची एकेक ओळ हो-नाही करत चालवता येई. ज्या ओळीला यंत्र थिजलं, संशय तिच्यावर. विंडोज ९५ ने या साऱ्यावर ढगांचं चित्र पांघरलं. घरच्या माणसाला त्या ओळी कळतात कुठे, हा आक्षेप खराच. पण न कळलेली ओळही दुरुस्तीवाल्याला फोनवर वाचून दाखवता येते. ढगांचं काय वाचणार? मायक्रोसॉफ्टलाही हे उमगलं असावं: एस्केप दाबलं की चित्र हटे, सेफ मोडमध्ये जादा ड्रायव्हर वगळले जात. फक्त कुठली कळ दाबायची, हे त्या चित्रावर लिहिलेलं नसे.