कोणत्या बाईचा गुन्हा नोंदला जातो? बटाविया ते खैरलांजी

जपानी लष्कराच्या लैंगिक गुलामगिरीचा विषय काढला की आपली पोरं म्हणतात, "ताई, हे जपान-कोरियाचं भांडण. आपला काय संबंध?" संबंध आहे.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने कोरिया, चीन, फिलिपाईन्स, इंडोनेशियातल्या मुली तळांवर डांबल्या. कुणाला नोकरीचं आमिष, कुणाला सरळ उचलून नेलं. कागदोपत्री त्यांचं नाव 'सांत्वन देणाऱ्या स्त्रिया'. देवदासीला 'देवाची बायको' म्हणणाऱ्या समाजात वाढलेल्या आपल्याला ही लबाडी ओळखता यायला हवी.

१९४८ मध्ये बटावियात (आजचं जकार्ता) डच लष्करी न्यायालयाने जपानी अधिकाऱ्यांना शिक्षा दिल्या, एकाला देहदंडही. पण तो खटला डच, म्हणजे गोऱ्या स्त्रियांसाठी होता. त्याच बेटांवरच्या इंडोनेशियन बायका त्यात नव्हत्या. टोकियोच्या मोठ्या खटल्यातही ही गुलामगिरी स्वतंत्र गुन्हा म्हणून आली नाही. तिथले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी तर सगळेच आरोपी निर्दोष ठरवले. त्यांचं कौतुक आपल्याकडे अभिमानाने होतं, या बायकांचं नाव त्यात निघत नाही.

१४ ऑगस्ट १९९१ ला किम हाक-सून ही कोरियन बाई सोलमध्ये स्वतःच्या नावानिशी बोलली. जानेवारी १९९२ पासून दर बुधवारी जपानी वकिलातीसमोर निदर्शनं सुरू झाली. सरकारं हलेनात, तेव्हा डिसेंबर २००० मध्ये स्त्री संघटनांनी टोकियोत लोकन्यायालय भरवलं. अनेक देशांतल्या म्हाताऱ्या बायकांनी साक्षी दिल्या. त्या न्यायालयाने सम्राट हिरोहितोलाही दोषी धरलं. शिक्षेचा अधिकार त्याला नव्हता, पण गुन्ह्याला त्याचं खरं नाव मिळालं.

आता आपल्याकडे या. कारध्याहून वैनगंगा ओलांडली की भंडारा. तिथल्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये खैरलांजीचा निकाल दिला. २९ सप्टेंबर २००६ ला सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन भोतमांगे यांना जमावाने मारलं. खैरलांजी युद्धभूमी नव्हती, मान्य. पण आठ जण खुनासाठी दोषी ठरले, तरी ॲट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही, विनयभंगाचंही नाही. बलात्काराचं कलम तर आरोपांतच नव्हतं. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. जात तिथेही मान्य झाली नाही. आपण मोर्चे काढले ते फाशीसाठी. कलमांसाठी किती काढले?

भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ ला गेले. तोवर त्या निकालात ॲट्रॉसिटीचं कलम आलेलं नव्हतं.