नेतृत्वकल्पना, रायपूर परिसरातील

नेता कोणाला म्हणावे, याविषयीची लोकांची धारणा छत्तीसगडच्या या राजधानीत आणि तिच्या आसपास दोन-अडीच शतकांत पार बदलली.

बिंबाजी भोसले (कारकीर्द १७५८–८७) रतनपुरात राहून कारभार पाहत. त्यांच्यामागे नागपूरहून सुभेदार येऊ लागले. सारा वसूल करणे हेच त्यांचे मुख्य काम. १८१८ मध्ये इंग्रजी देखरेख आली, इंग्रज अधिकारी ॲग्न्यूने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. पण पुढारीपण वरूनच मिळत राहिले.

सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी ही चौकट मोडली. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी कसडोलच्या व्यापाऱ्याचे कोठार उघडून धान्य रयतेला वाटले आणि तसे स्वतःच सरकारला कळवले. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी झाली. जमीनदारी वारशाची होती. लोकांच्या मनातले स्थान त्यांनी कोठारापाशी कमावले.

विसाव्या शतकात लेखणीला मान आला आणि यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. रायपूरचे वामनराव लाखे त्याचे प्रकाशक होते. १९०८ मध्ये सप्र्यांवर राजद्रोहाचा खटला झाला, माफीनाम्यावर सुटका झाली. तो सल घेऊन ते रामदासी वृत्तीने राहू लागले आणि त्यांनी ‘दासबोध’ हिंदीत नेला. त्यातला महंत, म्हणजे पुढारी, एकटा मोठा होत नाही, आपल्यासारखे पुष्कळ तयार करतो. सप्रे याच वाटेने गेले: रायपुरात मुलींची शाळा काढली, माखनलाल चतुर्वेदींसारखे संपादक घडवले. रायपूरच्या इतिहासात नेतृत्वाचा याहून उंच आदर्श सापडत नाही. लाख्यांनी १९१३ मध्ये सहकारी बँक उभारली. समाजसुधारक सुंदरलाल शर्मा १९२५ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना घेऊन राजिमच्या मंदिरात प्रवेशासाठी गेले.

पुढे ही धुरा कामगारांकडे आली. दल्ली-राजहरा या खाणगावात कामगारनेते शंकर गुहा नियोगींच्या संघटनेने नारायणसिंहांचा स्मृतिदिन पाळायला सुरुवात केली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली. खाणकामगारांच्या वर्गणीतून १९८३ मध्ये सुरू झालेले शहीद रुग्णालय त्यांच्यामागेही चालू राहिले.