फडताळांतील औषधें आणि टपालांतील पुडी

देऊळ कसें उभें राहिलें आणि कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, हें या स्मरणिकेंत इतरत्र वाचावयास मिळेलच. आम्हीं मात्र मुद्दाम एक घरगुती विषय निवडला आहे. शहापूर तालुक्याच्या मुरबाडकडील अंगास आपला किन्हवलीचा टापू. विसाव्या शतकाच्या आरंभीं येथील एखाद्या घरांत ताप शिरला, तर त्या घरच्या माणसांनीं धांव कोठें घ्यावी?

पहिली धांव घरच्या फडताळाकडे. सुंठ, ओवा, वेखंड, हळद, जायफळ, मुरुडशेंग, बाळंतशेप हे जिन्नस गरिबाच्याही घरीं चिंधीच्या गांठोड्यांत असत. तान्ह्या मुलाच्या घुटीसाठीं सहाणेवर कशाचे किती वेढे द्यावयाचे, हें आजीबाईंना तोंडपाठ असे. हिंवतापाला भाजलेल्या सागरगोट्याचा गर मिऱ्यांबरोबर, नाहींतर काडेचिराइताचा काढा. आंव पडली तर कुड्याची साल. त्या सालींत आंवेच्या जंतूंवर चालणारें द्रव्य खरोखरच आहे, असें पुढें रसायनशास्त्रज्ञांनीं दाखविलें. परंतु या फडताळाची नुसती स्तुति करून चालणार नाहीं. पोट फुगलेल्या मुलास बिब्ब्याचा चटका देत, आणि मूल रडूं नये म्हणून अफूची बाळगोळी चारीत. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आयांत तर ही चाल फारच होती. किती लेंकरें त्या झोपेंतून उठलींच नाहींत, याचा हिशेब देवाजवळ!

फडताळांतील पुष्कळसा माल बाजारचा नव्हे, रानचा. हिरडा, बेहडा, गुळवेल, सातविणीची साल हीं सर्व आपल्या डोंगरांत होणारीं. तीं ओळखणारे कातकरी, ठाकूर व महादेव कोळी हेच खरे औषधी पुरविणारे. परंतु दुकानाच्या पाटीवर त्यांचें नांव कधीं लागलें नाहीं. कातकऱ्यांचें तर नांवच कातावरून पडलें. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, तें पाणी आटवून ते कात करीत. तो विड्यांत जाई, तसाच तोंड आलें किंवा हगवण लागली म्हणजे औषधांतही जाई. इ. स. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर खैर तोडण्यावर निर्बंध आले व हा धंदा बसत गेला. मग हीच मंडळी कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीस लागली. ज्याला झाडाचा गुण ठाऊक, त्यानेंच तें झाड जाळून कोळसा करावा, हें आम्हांस फार दुःखाचें वाटतें.

इकडे बाटलींतलें औषध वाट काढीत होतें. आगगाडी १८६१ मध्यें कसाऱ्यापर्यंत पोंचली होती आणि १८७७ पासून टपालखात्यानें व्ही. पी. ची सोय केली होती. माल हातीं आल्यावर पैसे द्यावयाचे, ही युक्ति खेड्यांतील सावध माणसासही पटली. पनवेलीस कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ मध्यें काढलेला धूतपापेश्वर कारखाना आपल्याला तसा शेजारचाच. मुंबईंत १८९३ मध्यें नागेश्वर राव यांनीं अमृतांजन काढलें, १९१० मध्यें झंडूचा कारखाना निघाला, आणि डोंगरे यांचें बालामृत तर घरोघरीं ठाऊक झालें. इंग्लंडांत वुडवर्ड यांनीं १८५१ मध्यें काढलेलें ग्राइप वॉटर हिंदुस्थानांत आलें, तेव्हां त्यांत मुख्य काय होतें? शेपूचें तेल! म्हणजे आजीच्या गांठोड्यांतील बाळंतशेपच बाटलींत बसून, थोडी दारू पिऊन, विलायतेहून परत आली. प्रत्येक व्याधीवर एकच बाटली सांगणाऱ्या जाहिरातीही भरपूर होत्या. त्यांस आळा घालणारा कायदा व्हावयास १९५४ साल उजाडलें.

या सर्वांत निःसंशय गुणाची वस्तु म्हणजे क्विनीन. पेरूंतील सिंकोना झाडाची साल सतराव्या शतकांत जेझुइट पाद्रींनीं रोमला आणली. कार्डिनल द लुगो यांनीं ती तेथें गरिबांस वांटली, म्हणून तिला ‘जेझुइटांची साल’ असें नांव पडलें. प्रॉटेस्टंट देशांत कित्येक लोक केवळ या नांवामुळें ती घेईनात! १८२० मध्यें तिच्यांतून क्विनीन वेगळें काढण्यांत आलें; पुढें निलगिरीवर व दार्जिलिंगकडे तीं झाडें लावलीं गेलीं. आणि १८९२ मध्यें बंगालच्या टपालकचेऱ्यांतून क्विनीनची पुडी एका पैशाला मिळूं लागली. मग इतर प्रांतांनींही हा कित्ता गिरविला. पोस्टमास्तर हाच औषधविक्या! भातशेतीच्या, डोंगरउताराच्या मुलुखांत याहून सोईचें दुकान दुसरें कोणतें असणार? तरी कडू पुडी दोन दिवस घ्यावयाची आणि हींव थांबतांच उरलेली ठेवून द्यावयाची, ही खोड सर्वत्र होती. ताप पुन्हां उलटे आणि दोष पुडीला लागे.

प्लेगच्या प्रसंगीं मात्र फडताळ व बाटली दोन्ही थिटीं पडलीं. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईंत मांडवी येथें हा रोग प्रथम ओळखला तो डॉ. अकासियु व्हिएगस यांनीं. ते गोव्यांतील हडफडें गांवचे, आपल्याच धर्माचे. सत्य सांगितल्याबद्दल त्यांना त्रासही सोसावा लागला. परंतु पुढें १९०६ मध्यें मुंबई म्युनिसिपालिटीचे ते अध्यक्ष झाले. हाफकिन साहेबांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. लोक मात्र लसीहून तपासणीच्या शिपायांना अधिक भ्याले व मिळेल त्या गाडीनें गांवाकडे पळाले. त्यांच्याबरोबर रोगही निघाला.

१९१८ च्या इन्फ्लुएंझानें मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें नेलीं. त्याच वर्षीं पाऊसही दगा देऊन गेला होता. त्या तापावर वैद्याकडे उतारा नव्हता, डॉक्टराकडेही नव्हता, आणि क्विनीन निरुपयोगी ठरलें. घरचीं सर्व माणसें एकदम अंथरुणास खिळलीं, म्हणजे ज्यांच्या दारीं शेजारचें कोणी पेजेचा गंज व पाण्याचा तांब्या घेऊन गेलें, त्यांची कांहीं आशा असे. ती पेज तांदुळाची असो वा नाचणीची, मिठाचा खडा घालून पातळ करीत, आणि निजलेल्याचें डोकें मांडीवर घेऊन पळीपळीनें पाजीत.