पोकळ झाडाचे मोल
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१८२१ मध्ये थॉमस हार्डविक या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे हिमालयातल्या एका तांबूस, झुपकेदार शेपटीच्या प्राण्यावर निबंध वाचला. तो छापून यायला १८२७ साल उजाडले. दरम्यान १८२५ मध्ये फ्रेडरिक क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या प्राण्याचे बारसे उरकून टाकले. हाच आपला लाल पांडा.

नाव मिळाले, पण घराचा पत्ता? तो हळूहळू लागला. नेपाळात ब्रिटिश रेसिडेंट राहिलेल्या ब्रायन हॉजसन यांनी १८४७ मध्ये या प्राण्याच्या सवयी लिहून ठेवल्या. मादी खडकांच्या कपारीत विते, पिल्ले सहसा दोन असतात, असे त्यांनी नोंदवले.

पुढे १९८०च्या दशकात नेपाळी शास्त्रज्ञ प्रल्हाद योंझोन यांनी लांगटांगच्या जंगलात लाल पांड्यांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून त्यांचा माग काढला. एरवी फांदीवर अंग मुडपून झोपणारा हा प्राणी पिल्लांसाठी मात्र जुन्या झाडाची ढोली किंवा खडकाची कपार शोधतो. वीण पावसाळ्याच्या तोंडाशी. मादी काटक्या, पाने, शेवाळ आणून आत अंथरूण करते. पिल्ले जन्मतः आंधळी असतात आणि सुमारे तीन महिने घरट्यातच राहतात. जागा धोक्याची वाटली, की आई त्यांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते. म्हणजे एका ढोलीवर भागत नाही, जवळपास आणखी जागा लागतात.

योंझोन आणि माल्कम हंटर यांनी १९९१ मध्ये एक अनपेक्षित दुवा दाखवला. लांगटांगमध्ये चीज तयार होत असे. त्यासाठी पाळलेल्या चौरींचे कळप पांड्यांच्याच जंगलात चरत. गुरांमागे गुराखी आणि कुत्री येत. पांडे आणि त्यांची पिल्ले त्यात बळी पडत.

२००३ मध्ये दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या दोन माद्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आल्या. पिंजऱ्यात पैदास करता येते, हे दार्जिलिंगने दाखवून दिले. पण ढोली काही पिंजऱ्यात तयार होत नाही. त्यासाठी झाड म्हातारे व्हावे लागते, आणि त्याला कित्येक दशके लागतात.

लाकूडतोड्याच्या हिशेबात असे झाड इमारतीला निरुपयोगी, सरपणालाच बरे. लाल पांड्याच्या हिशेबात मात्र तेच बाळंतिणीची खोली असते. जंगल राखताना हा दुसरा हिशेबही मांडायला हवा.