गोंडवन: पैनगंगेच्या काठावरून एका महाखंडाकडे

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे परिसराच्या काळ्या मातीखाली काळा कातळ आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा हा बेसाल्ट. त्याखालचे जग झाकलेलेच राहते. मात्र याच बुलढाणा जिल्ह्यात उगम पावणारी पैनगंगा पूर्वेकडे वाहत चांद्याच्या मुलखात पोहोचते, तेव्हा लाव्ह्याचे आवरण सरते आणि कितीतरी जुने खडक उघडे पडतात.

१८७२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फेडन यांना तेथे, इरईजवळ, एक विलक्षण गोष्ट आढळली. चुनखडीचा खडक घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर समांतर ओरखडे होते. असे ओरखडे सरकणाऱ्या हिमनदीत अडकलेले दगड उमटवतात. चांद्याचा उन्हाळा अनुभवलेल्याला हे पटणे कठीणच! पण सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी या भूमीवर खरोखरच बर्फ होता.

दुसरा पुरावा पानांचा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८४० आणि १८५० च्या दशकांत या परिसरातील जीवाश्म चिकाटीने गोळा केले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने होती. तशीच पाने ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेतही मिळत होती. १९१२ च्या नोव्हेंबरमध्ये अंटार्क्टिकावर कॅप्टन स्कॉट यांचा मृतदेह सापडला, तेव्हा त्यांच्या तुकडीने अखेरपर्यंत वाहून आणलेल्या दगडांतही ग्लॉसोप्टेरिस होते.

या खडकांना मेडलिकॉट यांनी गोंडांच्या प्रदेशावरून ‘गोंडवन’ हे नाव दिले. १८७६ मध्ये फाइस्टमांटेल यांनी ते छापील लेखनात आणले. पुढे १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे एडवर्ड झ्यूस यांनी तेच नाव दक्षिणेकडील एका प्राचीन महाखंडाला दिले. चांदा आणि देवगड येथे राज्य केलेल्या समाजाचे नाव अशा रीतीने जगाच्या नकाशावर गेले. या समाजाच्या राजकीय इतिहासाला पाठ्यपुस्तकांत मिळणारी जागा पाहता, हा विरोधाभास बोचरा आहे.

झ्यूस यांच्या मते खंड जागीच होते. मधली जमीन तेवढी समुद्रात बुडाली. जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी जानेवारी १९१२ मध्ये निराळे उत्तर दिले: जमीन बुडाली नाही, खंडच सरकले. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र ठेवले की विखुरलेल्या हिमखुणांचा अर्थ लागत होता. तरीही बहुसंख्य भूवैज्ञानिकांनी त्यांना झिडकारले. हा केवळ हटवाद नव्हता. खंडांना ढकलणारी शक्ती कोणती, याचे समाधानकारक उत्तर वेगेनर यांच्याकडे नव्हते. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा अंत झाला.

कलाटणी मिळाली ती लाव्ह्यामुळेच. बेसाल्ट थिजताना त्यातील लोहयुक्त कण तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात आणि त्या दिशेच्या कलावरून अक्षांश काढता येतो. १९५० च्या दशकात दख्खनच्या बेसाल्टची अशी मोजणी झाली. हा लाव्हा वाहिला तेव्हा महाराष्ट्राची भूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेस होती, असे दिसून आले. १९६० च्या दशकात सागरतळाच्या अभ्यासातून खंड सरकण्याची यंत्रणाही उलगडली. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत आहे.