सुई न टोचता लिव्हरच्या कॅन्सरचं निदान कसं होऊ लागलं?

"डॉक्टर, तुकडा काढून तपासला नाही, मग कॅन्सर आहे असं कसं सांगता?" एमआरआयचा रिपोर्ट घेऊन माझ्या नागापूरच्या दवाखान्यात येणारे पेशंट हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्तच आहे. तोंडाच्या किंवा स्तनाच्या गाठीत तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सरचे उपचार सुरू होत नाहीत. मग लिव्हरलाच ही सवलत का?

अमिताभ बच्चन यांची हकीकत तुम्ही ऐकली असेल. १९८२ मध्ये 'कुली'च्या शूटिंगमध्ये पोटाला मार लागला, मुंबईत त्यांना अनेक रक्तदात्यांचं रक्त दिलं गेलं. त्यांतल्या एकाच्या रक्तात हिपॅटायटिस बी होता. लिव्हरचा पाऊण भाग निकामी झाल्याचं कळलं ते सुमारे वीस वर्षांनी, नेहमीच्या तपासणीत. हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलं आहे, आणि फार बरं केलं. हा आजार असाच गुपचूप वाढतो.

याच विषाणूची खूण डॉ. ब्लुमबर्ग यांना १९६० च्या दशकात रक्तात सापडली. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९८१ मध्ये तैवानमधल्या २२,७०७ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात हा विषाणू टिकून होता, त्यांना लिव्हरच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या दोनशे पटींहून जास्त निघाला. धोका कुणाला, हे असं कळलं. दारूमुळे किंवा इतर कारणांनी सिरॉसिस झालेलेही यात येतात.

आता एमआरआय. निरोगी लिव्हरला साधारण तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं. कॅन्सरची गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसते. म्हणून हातात गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की गाठ आधी उजळते आणि मिनिटभरानंतर भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळपट दिसू लागते. आत जो वारंवार "श्वास रोखा" म्हणून हुकूम सुटतो, तो हे क्षण टिपण्यासाठी!

२००० साली बार्सिलोनात तज्ज्ञ जमले. सिरॉसिस असेल, गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल आणि दोन वेगवेगळ्या तपासण्यांत धमनीचं रक्त जास्त खेचताना दिसली, तर तुकडा नको, असं त्यांनी मान्य केलं. २००५ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी अशा मोठ्या गाठीचं चित्र ठरावीक असेल तर एकच तपासणी पुरेशी मानली. तिथल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संस्थेने २०११ मध्ये 'लाय-रॅड्स' ही वर्गवारी आणली. तुमच्या रिपोर्टवर 'एलआर' आणि आकडा असतो तो हाच. एक म्हणजे नक्की साधी गाठ, पाच म्हणजे नक्की लिव्हरचा कॅन्सर. तीन म्हणजे सांगता येत नाही. पेशंट सर्वांत जास्त घाबरतात ते याच आकड्याला, पण बहुतेक वेळा काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा असतो. 'एलआर-एम' आलं तर कॅन्सरचा संशय दाट, पण तो दुसऱ्या प्रकारचाही असू शकतो; तिथे बहुधा सुई लागतेच.

ही सवलत फक्त जास्त धोक्याच्या मोठ्या माणसांसाठी आहे. निरोगी लिव्हरमध्ये साध्या गाठीही अशाच उजळतात. म्हणून एमआरआयला जाताना हिपॅटायटिसचे, सिरॉसिसचे जुने कागद आणि आधीच्या सोनोग्राफी सोबत न्या. नुसती "पोटात दुखतं" एवढीच चिठ्ठी नेलीत, तर रेडिऑलॉजिस्टने हे नियम तुम्हाला लावायचे की नाही, हे त्यांना कळणार कसं?